काटा हलेना, तरी हवा जाते कुठे?

मी एक जुनी फवाऱ्याची बाटली आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने पक्की चोंबडी! आधी मी चाकणच्या एका कंपनीत काचा पुसायला होते. तिथे कौतुक व्हायचे, पण रोज त्याच त्या काचा! जीव विटून गेला. फवारा अडकू लागला तशी माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला भाग्यश्रीताईने उचलले. तळवड्याच्या रस्त्याला तिचे ट्रकच्या ब्रेकचे गॅरेज आहे. तिने माझा फवारा मोकळा केला आणि माझ्यात साबणाचे पाणी भरले. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात ना! आम्ही नळ्यांच्या जोडांवर पाणी मारतो. जिथे बुडबुडा, तिथे गळती.

परवा ज्योतीराम ड्रायव्हर आला. ट्रकमध्ये लोखंडाचा माल, शेजारी बायको वर्षाली. बंदरावर माल उतरवून तो तिला समुद्र दाखवणार होता. वाटेत घाट, आणि हवेचा दाब दाखवणारा काटा चालत्या गाडीत मधूनच खाली येत होता.

ताईने चाकांना ठोकळे लावले. ज्योतीरामही तिच्याबरोबर खाली वाकला. मी जोडन् जोड भिजवला. एक बुडबुडा येईल तर शपथ!

ज्योतीरामने वर चढून पाहिले. “काटा बी हलंना की, ताई. काय नसंल. निघतो मी, मालक बोंबलंल.”

“थांबा हो दादा. उभ्या गाडीत हलत नाही, मग चालताना का हलतो? चालताना आपण असं काय करतो, जे आत्ता करत नाही?”

अरेच्चा! खरेच की! मला तर चैन पडेना. तेवढ्यात ताईने कपाळावर हात मारला. गळती शोधायला जो तो खाली वाकलेला, आणि ब्रेकवर पाय कोणाचाच नाही!

“वहिनी, दादांच्या सीटवर सरका आणि ते मधलं पेडल दाबून धरा!”

वर्षालीने दाबले आणि मी पुन्हा फवारा मारला मात्र, पुढच्या डाव्या चाकामागे ब्रेक चेंबरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावरच हवा शिरते त्या डब्याच्या, बारीक छिद्रावर फेस टरारून फुगला. ताईने हवा सोडून चेंबर उघडला. आतला रबरी पडदा चिरलेला होता. तिने नवा बसवला, हवा भरली आणि वर्षालीला पुन्हा पेडल दाबायला लावले. आता बुडबुडा नाही, काटाही जागेवर.

ज्योतीराम मात्र चिरलेला पडदा हातात घेऊन उलटसुलट पाहू लागला. “हिला घेऊन असाच घाट उतरणार व्हतो मी...”

वरून वर्षाली विचारत होती, “अहो, सोडू का आता पाय?” “सोड गं, सोड,” म्हणत तो तिच्याकडे वर चढला.

मित्रांनो, तुमची साधी सायकल असली, तरी धाकट्या बहिणीला मागे बसवण्याआधी ब्रेक एकदा दाबून बघा. ती तुमच्या भरवशावर बसलेली असते.