लेहला जाऊन आलेली शेव

दिनानाथांना पंच्याऐंशी किलोंत बसायचं होतं आणि ते होते ब्याण्णव.

इंदूरची मिल बंद होऊन दहा वर्षं झाली होती. तिथे अठरा वर्षं त्यांनी कापसाच्या गाठी तोलल्या. गाठ दारातून आत येताना नुसती बघून ते वजन सांगत, आणि मग काटा निमूटपणे तेच दाखवी. आता पीथमपूरच्या एका नव्या कंपनीला गोदामातल्या काट्यावर माणूस हवा होता. काम अगदी त्यांचंच. पण तिथल्या तरुण मॅनेजरनं फिटनेसचा नियम काढला होता: पंच्याऐंशीच्या वरचा माणूस घ्यायचा नाही. मेडिकलला दीड महिना होता.

"दीड महिन्यात सात किलो?" त्यांची बायको इंदुमती म्हणाली. "सराफ्याच्या खाऊगल्लीतून तुम्ही रिकाम्या पोटी परत आलात, असं एकदा तरी झालंय?"

"भूकच लागते यार, त्याला मी काय करू?"

त्यांची भाची वल्लरी कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवत असे. ती दहा जणांना तीन आठवडे लेहला नेऊन त्यांचं रक्त तपासणार होती. नऊ मिळाले होते.

"मामा, तुम्हीच चला. डॉक्टरांनी हो म्हटलं तर. उंचावर भूक कमी होते."

"कोणाची?"

"बऱ्याच जणांची. जठरातून घ्रेलिन निघतं, ते भूक लावतं. चरबीतून लेप्टिन निघतं, ते पुरे म्हणतं. विरळ हवेत पहिलं घटतं आणि दुसरं वाढतं, असं काहींना आढळलंय, काहींना नाही. तेच मोजायचंय."

"ह्यांची भूक बघून ते हार्मोनच पळून जाईल," इंदुमती म्हणाली. पण तिनंच स्वेटर काढून दिला.

दिनानाथांनी सामानात लसणाच्या शेवेचं एक किलोचं पाकीट ठेवलं. इमर्जन्सीसाठी.

लेहला तिसऱ्या दिवशी ते पाकीट उशीसारखं टम्म फुगलं. दिनानाथ त्याच्यासमोर बसून राहिले. डोकं जड, तोंडाला चव नाही. दोन पोळ्यांनंतर ताट सरकवताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"वल्लू, ह्याला काय झालं?"

"बाहेरची हवा विरळ आहे मामा, आतली इंदूरची."

"शेव फुगतेय आणि मी उतरतोय. भिया, क्या बात है!"

वल्लरी हसली नाही, पण तिची पेन्सिल झरझर चालली होती. तीन आठवड्यांनी पाकीट तसंच बंद होतं आणि दिनानाथ चौऱ्याऐंशी किलो भरले.

"ह्यात पाणीही गेलंय," वल्लरीनं बजावलं. "ते खाली परत येईल."

"म्हणजे गाठीतला ओलावा. कळलं. तो वजा करूनच बोलायचं असतं."

कळलं होतं, पण मेडिकलला अजून पाच दिवस होते आणि भूक त्यांच्या आधीच्या गाडीनं येऊन घरी वाट पाहत बसली होती. जुन्या इंदुरातले शेजारी पोहे-जिलेबी घेऊन बारीक झालेला माणूस बघायला आले. नाही कसं म्हणणार? मेडिकलच्या सकाळी वासुदेवच्या किराणा दुकानात ते पोती तोलायच्या काट्यावर चढले. काटा त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला. साडेशहाऐंशी.

"पाणी," ते वासुदेवला म्हणाले.

"पाणी की पाक?" वासुदेवनं विचारलं.

कंपनीत भिंतीवर सगळ्यांच्या वजनांचा तक्ता लावला होता. सगळ्यांत वर मॅनेजरचं नाव: सुजय बर्वे, चौऱ्याऐंशी. तेवढ्यात बर्वे स्वतः समोरून गेले. शहाऐंशी, दिनानाथांच्या डोळ्यांनी सांगितलं. आपली नजर गेली की काय, ह्या विचारानं ते बावरले.

डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. साडेचौऱ्याऐंशी.

"पास," डॉक्टर म्हणाले.

नोकरी मिळाली होती. आता फक्त गप्प उतरायचं होतं. दिनानाथ उतरले आणि त्यांनी सवयीनं मागे वळून बघितलं. रिकाम्या काट्याची सुई शून्याच्या दोन किलो खाली उभी होती. त्यांनी डोळे मिटले, उघडले. सुई तिथेच.

"साहेब, काटा खोटा आहे. दोन किलो कमी दाखवतोय."

बर्वे आत आले. "अहो, मग तुम्ही फेल झालात. कळतंय ना?"

"कळतंय साहेब. पण खोट्या काट्यावरून उतरून घरी गेलो तर जेवण जाणार नाही. आणि माझं जेवण जात नाही, असं फक्त लेहला होतं."

त्यांनी मागचा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. मग अगदी नम्रपणे तक्त्याकडे बघितलं.

"एवीतेवी सगळ्यांनाच पुन्हा तोलावं लागेल. वरून सुरुवात करू या?"

दारात चार कामगार जमले होते. नाही म्हणायची सोय नव्हती. बर्वे चढले. शहाऐंशी.

डॉक्टरांना एकदम खोकला आला.

"ओलावा असेल," दिनानाथ समजुतीनं म्हणाले. "भाचीला सांगू का साहेब? तिला पुढच्या खेपेला माणसं हवी आहेत."

त्याच संध्याकाळी नियमात सुधारणा झाली: नव्वद. सोमवारपासून गोदामाचा काटा दिनानाथांकडे.

घरी येऊन त्यांनी ते पाकीट काढलं. इंदूरला येऊन ते पुन्हा चपटं झालं होतं. वल्लरी वही उघडून समोर बसली.

"मामा, किती खाताय ते लिहायचंय."

"मग आकड्याच्या डावीकडे थोडी जागा सोड," दिनानाथ म्हणाले आणि त्यांनी पाकीट फाडलं. "पोहेही येतायत."