सरांच्या तोंडचा सेट

मित्रांनो, मी एक जुनी कवळी आहे. नाक मुरडू नका. मी स्वच्छ धुतलेली आहे आणि सध्या काचेच्या पेल्यात, गार पाण्यात बुडून बसले आहे. तुमचे दात तुम्हाला आपसूक आले. मला मात्र माप घेऊन घडवावे लागले. घरात मला कवळी म्हणतात, पण ज्यांनी मला घडवले ते मला 'सेट' म्हणत. हा शब्द इंग्रजी आहे. एवढासा दिसतो, पण त्याने मला जन्मापासून जे गोंधळात टाकले आहे, ते आजवर मी कुणाला सांगितलेले नाही.

माझी सुरुवात दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर झाली. त्यांनी एका वयस्क गृहस्थांच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला साचा दाबून धरला आणि म्हणाल्या, "हलू नका हं, सेट होऊ दे." लगदा घट्ट झाला. सेट होणे म्हणजे घट्ट होणे, असे मी समजले.

तो साचा गेला कारागिराकडे. त्याच्या कपाळावर चष्मा आणि बोटांना मेण असायचे. मेणाच्या पट्टीत त्याने एकेक दात चिकटवला आणि जोडीदाराला म्हणाला, "दात सेट केले बघ." म्हणजे सेट करणे म्हणजे बसवणे? मग तो म्हणाला, "पाण्याचं तापमान सेट केलंस का?" पाणी कुठे बसवणार होते? तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मान वाकडी करून खांद्यात फोन धरत तो आनंदाने ओरडला, "अहो, आमची मुलगी एकदम सेट झाली तिकडे!" मला काही कळेना. मुलगी घट्ट झाली, की तिला मेणात बसवले?

मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरले, मला गरम पाण्यात शिजवले, चाकावर घासून चकाकवले आणि पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. त्यांनी मला त्या गृहस्थांच्या तोंडात बसवले. "वा! सेट छान बसला," त्या म्हणाल्या. "आता सेट व्हायला थोडे दिवस लागतील." छान बसलेल्या सेटने अजून सेट व्हायचे होते. मी जन्मले त्याच दिवशी हात टेकले. म्हणजे, हात असते तर टेकले असते.

ते गृहस्थ इंग्रजीचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. एके काळी त्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाई. पण दात पडत गेले तसे शब्द तोंडातून निसटू लागले. कुणी "काय? काय म्हणालात?" असे विचारले की सरांना मेल्याहून मेल्यासारखे होई. शेवटी त्यांनी बोलणेच टाकले. फोन वाजला की तो बायकोच्या हातात द्यायचे. त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. काकू कपडे शिवून देत. शिवता शिवता नवऱ्याच्या वतीने बोलण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात पडले होते.

सरांनी मला करवून घेतले ते सूनबाईमुळे. तिला एका हॉटेलात फोन घेण्याची नोकरी हवी होती आणि मुलाखत इंग्रजीत होणार होती. "बाबा, दुसरीकडे शिकवणी लावण्यापेक्षा तुम्हीच शिकवा ना," ती म्हणाली. सरांनी गालाकडे बोट दाखवले आणि काकू लगेच डॉक्टरीणबाईंची वेळ घ्यायला उठल्या.

पहिल्या दिवशी मी घरी आले तेव्हा सर म्हणाले, "कवळी लागतेय." मला फार आनंद झाला. नोकरी लागते, लॉटरी लागते, तशी मीही लागत असेन! नंतर कळले, मी त्यांच्या हिरडीला टोचत होते. डॉक्टरीणबाईंनी मला एका कडेने घासले तेव्हा कुठे त्यांना बरे वाटले.

शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली. काकू खिडकीशी शिलाई यंत्र चालवत आणि कान इकडे ठेवत. सरांनी शिकवायला घेतलेला शब्द ऐकून मी दचकले, कारण तो मीच होते.

"टेबल सेट करणे म्हणजे ताटं मांडणे," सर म्हणाले. "घड्याळ सेट करणे म्हणजे लावणे. सूर्य सेट होतो, म्हणजे मावळतो. दुकान सेट अप करणे म्हणजे थाटणे. सेट असाइड म्हणजे बाजूला ठेवणे."

सूनबाईने डोक्याला हात लावला. "बाबा, यातला एकच अर्थ सांगा. तो पाठ करते."

"एकच नाहीये. पानभर आहेत."

"बरं, काल केलं तर काय म्हणायचं?"

"सेट."

"आणि आज केलं तर?"

"सेटच."

"मग ताटं काल मांडली की आज, हे कळायचं कसं?"

"मागचं-पुढचं ऐकायचं," सर म्हणाले. "आपण नाही का म्हणत? भूक लागते, आग लागते, झोप लागते, वेड लागतं. तेव्हा गोंधळतेस का?"

"फोन लागत नाही, तेव्हा गोंधळते," काकू खिडकीजवळून म्हणाल्या, आणि तिघेही हसले. मी सरांच्या तोंडात होते, त्यामुळे ते हसू मला सगळ्यात जवळून लागले. हेही एक लागणेच. माझा गोंधळ मात्र वाढला. घट्ट होणारी मी, मांडली जाणारी मी आणि मावळणारीही मीच?

या शब्दाने आणखी एक घोळ केला. मी नवी असल्यामुळे सरांचा 'स' घसरत असे. 'सेट' म्हणायला जावे तर शिट्टी वाजून 'शेट' असे काहीतरी बाहेर पडे. सूनबाई मनावर घेत नसे. पण एकदा शिकवणी चालू असताना काकूंचा भाऊ, म्हणजे सरांचा मेहुणा, दारात येऊन उभा राहिला. सर म्हणत होते, "शेट... शेट..."

"कुठला शेट? कोण शेट?" मेहुणा मोठ्याने हसला. "भावजी, दात लावून सावकारी सुरू केलीत की काय? या, शेटजी, बसा!"

वाईट मनाने तो बोलला नव्हता. त्याला गंमत करायची सवय होती. पण दुसऱ्या वेळी आला तेव्हाही तो "काय शेटजी?" म्हणाला आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांसमोर तिसऱ्यांदा म्हणाला. त्या दिवशी सरांनी मला काढले, कागदात गुंडाळले आणि खणात टाकले. शिकवणी बंद झाली. 'बाजूला ठेवणे' हा अर्थ मला त्या दिवशी नीट समजला.

मित्रांनो, कवळीला कोरडे पडणे सोसत नाही. ती वाकते, तडकते. मला खणातून बाहेर काढले ते काकूंनी. त्यांनी मला डबीत पाण्यात ठेवले आणि त्या रोज पाणी बदलू लागल्या. सरांना काही बोलल्या नाहीत. बाहेर जाताना मात्र डबी पिशवीत टाकून नेत, न जाणो यांचे मन बदलले तर.

मग एके दिवशी वाळलेले कपडे घेऊन येताना काकू जिन्यावर घसरल्या. उजवे मनगट मोडले. प्लास्टर घातले. डाव्या हाताने झाकण उघडत त्या माझे पाणी बदलत राहिल्या. शिलाई यंत्रावर कापडाचे आच्छादन पडले. प्लास्टर निघाले तेव्हा हात मनगटाशी वाकडा दिसत होता, बोटांत कात्री ठरत नव्हती. म्हणून तिघे मोठ्या इस्पितळात गेले. मी पिशवीत होतेच.

तिथले हाडांचे डॉक्टर नव्यानेच आले होते. त्यांना आपली भाषा येत नव्हती. एक्स-रे उजेडावर धरून ते इंग्रजीत बोलू लागले. त्यात दोनदा माझे नाव आले.

सूनबाई गडबडली. "आई, ते म्हणतात, हाड सेट झालेलं नाही. म्हणून ते सेट करायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... मांडायचं? नाही... बाजूला ठेवायचं, असं काहीतरी."

काकूंचा चेहरा उतरला. "हाड बाजूला ठेवायचं? काढून?"

"मला नीट कळत नाहीये हो आई."

"घरी चला," काकू उठल्या. "हात वाकडा तर वाकडा. मी माझं हाड काढून देणार नाही."

डॉक्टर काहीतरी समजावू लागले, पण काकू ऐकेनात. ते हताश होऊन नर्सकडे वळले आणि पुढच्या रुग्णाला बोलवायची खूण केली. तेव्हा इतका वेळ तोंडावर रुमाल धरून बसलेले सर उभे राहिले. त्यांनी काहीतरी विचारले. तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. डॉक्टरांनी कान पुढे केला. सरांनी पुन्हा विचारले. पुन्हा हवा. सरांनी रुमाल पुन्हा तोंडावर धरला.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझ्या पिशवीत डबी आहे."

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. मग कोपऱ्यातल्या नळावर जाऊन मला धुतले आणि तोंडात बसवले. इतक्या दिवसांत त्यांच्या हिरड्या बसल्या होत्या आणि मी सैल झाले होते. त्यांनी मला जिभेने दाबून धरले आणि एकेक शब्द तोलून बोलायला सुरुवात केली. मध्ये एकदा शिट्टी वाजली. सर थांबले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची सरांजवळ ओढली आणि वाट पाहिली.

सरांनी खूप प्रश्न विचारले. कापणार का? दुखेल का? हिला पुन्हा शिवता येईल का? मग ते काकूंकडे वळले.

"अगं, काही काढायचं नाहीये. शब्द एक आहे, कामं दोन आहेत. हाड आपलं आपण जुळतं, त्यालाही सेट म्हणतात. तुझं वाकडं जुळलंय. आता डॉक्टर ते सरळ करून जागेवर बसवणार, तेही सेट करणंच."

"सरळ करून म्हणजे? पुन्हा मोडणार?"

"हो. पण तुला भूल देऊन. तेव्हा कळणार नाही. नंतर दुखेल."

"आणि सुई धरता येईल?"

"येईल म्हणतात. पण हात पहिल्यासारखा पुरता वळेल, याची खात्री देत नाहीत."

"नाही केलं तर?"

"तर तो असाच घट्ट होत जाईल. मग फार अवघड होईल."

काकूंनी आपल्या वाकड्या मनगटाकडे पाहिले. एवढे सगळे नवरा एका बैठकीत बोलला, हेही त्यांच्या लक्षात आले असावे. "तुम्ही सांगताय तर कळतंय," त्या म्हणाल्या. "करा म्हणावं. आणि मी शुद्धीवर येईपर्यंत ती कवळी काढू नका. मला उठल्यावर कुणीतरी नीट सांगायला हवं."

सरांनी मला काढले नाही. माझी कड त्यांच्या हिरडीला रुतत होती, रक्त आले होते. तरी काकूंनी डोळे उघडले तेव्हा मी जागेवर होते आणि सर म्हणत होते, "झालं. सगळं नीट झालं."

मेहुणा बहिणीला भेटायला आला. दारातूनच म्हणाला, "काय शेटजी?"

"आधी बहिणीला विचार, कशी आहेस," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मग माझी चौकशी कर."

मेहुण्याचा चेहरा पडला. तो बहिणीजवळ खुर्ची ओढून बसला आणि त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. पुढे त्याने ते नाव टाकून दिले.

डॉक्टरीणबाईंनी मला आतून नवे प्लास्टिक भरून घट्ट केले. शिकवणी पुन्हा सुरू झाली. पहिल्या हॉटेलाने सूनबाईला नाही म्हटले, दुसऱ्याने घेतले. आता ती संध्याकाळी येऊन तक्रार करते, "बाबा, आज एक पाहुणा 'सेट' म्हणाला, तो कुठल्याच अर्थात बसत नव्हता!" मग सर आणि ती वाद घालत बसतात. काकूंचा हात पुरता वळत नाही, पण शिलाई यंत्र चालू झाले आहे.

पुढे मी झिजले. माझा एक दात तुटला आणि मधोमध तडा गेला. सरांना नवी कवळी आली. तिचा 'स' माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येतो. मला वाईट वाटते का? वाटते थोडे. मी आता अडीअडचणीसाठी राखून ठेवलेली आहे, आणि या अवस्थेला तो इंग्रजी शब्द चालतो की नाही, हे मला ठाऊक नाही. खरे सांगायचे तर तो शब्द मला अजूनही कळलेला नाही.

पण एक मागणे आहे. घरात कुणाची कवळी असेल तर ती मऊ ब्रशने धुवा, पाण्यात ठेवा, कागदात गुंडाळून टाकू नका. कुणीतरी चुकून कचऱ्यात फेकून देईल. आणि मित्रांनो, ती लावणाऱ्या माणसाचा शब्द घसरला तर त्याची नक्कल करू नका, त्याचे वाक्य आपणच पुरे करण्याची घाईही करू नका. त्याला काय म्हणायचे आहे ते त्याला पक्के माहीत असते. तुम्ही फक्त खुर्ची जरा जवळ ओढा.