कवळीखालचे दाणे

जरा जवळ सरकून बसा, मायबापहो. एका माउलीच्या कवळीची गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण मधेच उठू नका.

औषधाच्या कारखान्यातला एक लेपवाला. रोज उजाडायच्या आत कामावर जाणारा. पण आदल्या दिवशी आई पुन्हा घेरी येऊन पडली, म्हणून आज घरी थांबलेला. खलाचा आवाज आला, तसा तोंडावरचा साबणही न धुता स्वयंपाकघरात आला. बायको आईच्या रक्तदाबाच्या कॅप्सूलमधले पांढरे दाणे कुटत होती.

"हे काय चालवलंयस?"

"अख्खी कॅप्सूल गिळवत नाही, नि सुटे दाणे कवळीखाली अडकतात हो, टोचतात त्यांना. म्हणून कुटून मधातून चाटवते. गटकन जातं."

असेच दाणे त्याच्या हाताखालून जन्मभर गेलेले. दाणा आतून जाळीदार, छिद्राछिद्रांत औषध मुरवलेलं. वरून पॉलिमरचा पातळ लेप, तो याने फवारायचा. त्या लेपातून औषध पोटात हळूहळू झिरपतं, दिवसभर पुरतं. दाणा कुटला की सगळं एकदम अंगात! मग नाडी मंदावून घेरी येणार नाही तर काय?

"अगं, जीव घेत होतीस तिचा!"

बायकोचा हात खलातच थिजला. "तुम्हीच म्हणायचात ना, 'दाण्यांना रंग फासतो'? मला वाटलं, रंगच असेल."

थट्टा त्याचीच होती. पण तोंडातून गेलेला कठोर शब्द परत कुठला यायला!

तसंच आईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. आजचं औषध राहू दे. उद्यापासून दाणे अख्खेच गिळायचे."

दुसऱ्या दिवशी बायको कॅप्सूलला हात लावीना. "तुम्हीच द्या. माझ्या हाताला यश नाही."

आईने ते ऐकलं. कवळी काढताना जी पोटच्या पोराकडेही पाठ फिरवायची, तिने दोघांसमोर कवळी काढून वाटीत ठेवली. गाल आत गेले. त्याने मान खाली घातली. आईने मात्र चिमणीच्या पिलासारखा आ केला.

"घाल गं, तुझ्याच हातानं. आता अडकायला ठेवलंय काय मी?"

सून हसली नि तिथेच रडली. तिने चमचा पुढे केला. मधातले दाणे आईने अख्खे गिळले.

ती माउली आता नाही. मायेपोटी कुणाची चूक झाली आणि जिभेवर कठोर शब्द आला, तर बाबांनो, आधी तिचं ते बोळकं आठवा.