तुळजाबाईंची कानडी

दूध दोनदा उतू गेलं, एकदा गॅस चालूच राहिला आणि सख्ख्या बहिणीचं नाव आठवायला पाच मिनिटं लागली, तेव्हा सुदर्शनने आईला उदगीरच्या डॉक्टर मंजुषाकडे नेलं. तुळजाबाई मुरुडच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. नवरा श्रीमंतराव गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, लेकाकडे राहायला आलेल्या. बत्तीस वर्षं पोरांची डोकी तपासलेल्या बाईंचं डोकं आता एक कालची पोर तपासणार, याचाच त्यांना आधी राग आला.

पोरीने सगळं तपासलं आणि म्हणाली, "मावशी, घाबरू नका. झोप नाही म्हणून विसरता. रोज चाला, मेंदूला काहीतरी नवं शिकवा. आणि झोप का येत नाही, ते एकदा स्वतःलाच विचारा."

"त्यात काय इचारायचं? मला ठाऊक हाय," तुळजाबाई म्हणाल्या. पण सांगितलं नाही.

कारण समोरच्या घरात राहायचं. गुरम्मा तिचं नाव. आठ महिन्यांपूर्वी सीमेवरच्या भालकीहून लेकाकडे आलेली. रोज संध्याकाळी पाचला ही बया तुळजाबाईंच्या कुंपणाच्या भिंतीला टेकायची, तोंड बरोबर यांच्या खिडकीकडे, फोन कानाला, आणि तासभर कानडीत खिदळायची. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या खिडकीकडे बघत माणूस कशाला हसेल? काय सांगत असेल ही? म्हातारी लेकाच्या जिवावर खाते? सुनेशी पटत नाही? अंथरुणाला पाठ टेकली की बाईंच्या डोक्यात हेच गुऱ्हाळ सुरू व्हायचं.

डॉक्टर नवं शिका म्हणाली, म्हणून बाईंनी कानडी शिकायचं ठरवलं. हेतू शुद्ध सुडाचा होता.

"कानडी कशाला, बाई?" गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानातल्या, घरी कानडीच बोलणाऱ्या मल्लिनाथने विचारलं.

"डॉक्टरनं सांगितलंय."

डॉक्टरपुढे मल्लिनाथ काय बोलणार? डाळ जोखता जोखता त्याने शिकवायला सुरुवात केली. हालु म्हणजे दूध, कालु म्हणजे पाय, नोवु म्हणजे दुखणं. बाई वहीत लिहून घ्यायच्या, आणि विसरल्या तर त्यालाच रागवायच्या. दुकानाच्या दिवसातून दोन फेऱ्या होऊ लागल्या. घरी घोकंपट्टी चालली. चार महिन्यांत दूध उतू जायचं थांबलं आणि बाई घोरायलाही लागल्या. हे सुदर्शनच्या लक्षात आलं, बाईंच्या नाही. त्या शत्रूच्या मागावर होत्या.

मग एका संध्याकाळी त्या वही घेऊन खिडकीआड उभ्या राहिल्या, आणि गुरम्माचं बोलणं चक्क समजू लागलं. फोनच्या पलीकडे तिची बहीण होती. गुरम्माचे गुडघे दुखत होते. मेथी महागली होती. जावई फोन उचलत नव्हता. बहिणीने नवी कवळी बसवली होती आणि ती दह्यातसुद्धा निसटत होती, म्हणून खिदळणं. पंधरा दिवस बाईंनी कान लावला. त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही! आयुष्यात इतका अपमान त्यांचा कुणी केला नव्हता. एवढी झोप घालवली, आणि या बाईकडे आपल्यासाठी साधी एक शिवीसुद्धा नाही.

सोळाव्या दिवशी बहिणीने, कुठून बोलतेस, असं विचारलं असावं. गुरम्मा कानडीत म्हणाली, "रोजच्याच जागी. घरात रेंज नाही. त्या न बोलणाऱ्या बाईच्या भिंतीपाशी."

तुळजाबाईंनी वही मिटली. न बोलणारी? मी? श्रीमंतराव होते तेव्हा पहिल्या चहापासून भांडण जुंपायचं. ते गेले आणि भांडायलाच कुणी उरलं नाही. या गल्लीत आपण होऊन कुणाला "जेवलात का" असंही त्यांनी विचारलं नव्हतं. दोन वर्षं आपण रागावलोय असं त्या समजत होत्या. राग कसला, करमत नव्हतं. त्यांना रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला, आणि त्या रागातच त्या तरातरा भिंतीपाशी गेल्या.

"नानु माताडतीनी," त्या ओरडल्या. मी बोलते.

गुरम्माने फोन कानावरून काढला आणि बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग वरीसभर काय मूग गिळून बसला होता का?" ती अस्सल मराठीत म्हणाली.

"तुम्हाला मराठी येतं?"

"भालकीची हाय मी, लंडनची न्हाई. पर बोलू कुणासंगं? मला बघितलं की तुम्ही पडदा वढून घेता."