उलटी गाठ

"गिस्लां कुठाय?" सरपंचबाईंनी विचारलं आणि अख्ख्या सभागृहाने माना वळवून त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

चौदा जुलैचं, राष्ट्रीय सणाचं जेवण गावातर्फे असतं, म्हणजे फुकट. फुकटच्या जेवणाला गिस्लां आला नाही, असं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"आजारी असेल," मी म्हणालो.

"आजारी असता तर सगळ्यांच्या आधी आला असता," समोरून मोरिसेत म्हणाली. मोरिसेत त्याची वहिनी. मुरगळलेला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून ती जेवत होती. दीर येत नाही म्हटल्यावर मी त्याच्या वाटचं सॉसेज माझ्या ताटात घेतलं. अन्न वाया घालवू नये.

मोरिसेतने सारी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. या गावातल्या निम्म्या लोकांना पालक खायला तिने लावलं, आणि त्या लोकांनी तिला अजून माफ केलेलं नाही. नवरा गेला, नोकरी संपली, आणि उतारावरची द्राक्षाची दोन चिंचोळी वावरं तिच्या हाती आली. गावाला वाटलं, आता ही इतरांसारखी मोठ्या कंपनीला द्राक्षं घालेल आणि आरामात राहील. तर बाईने पहिल्याच वर्षी तणनाशक बंद केलं.

"आजोबांच्या वेळी ही वाइन आमच्याच तळघरात व्हायची," ती म्हणाली. "औषधांशिवाय. मला ती पुन्हा करायची आहे."

आता, मार्न नदीच्या काठावर आमच्या टेकड्या कशा असतात, तर नुकत्या विंचरलेल्या केसांसारख्या. ओळींमध्ये काडी सापडायची नाही. मोरिसेतच्या ओळींत मात्र कंबरेएवढं गवत, पिवळी फुलं आणि एकदा तर चक्क ससा.

"वहिनी, मेंढ्या पाळणार की काय?" गिस्लांने भर कॅफेत विचारलं होतं.

"पाळीन ना भावोजी. एक आहेच घरात, अजून दोन आणते."

सेंद्रियचा शिक्का मिळायला तीन वर्षं औषधाविना काढावी लागतात. ती या सप्टेंबरच्या काढणीआधी पुरी होणार होती. मोरिसेतने वाइनची जुनी दोन लाकडी पिंपं घेऊन घासून ठेवली होती. आणि नेमका याच वर्षी जून-जुलै नुसता पाऊस. पानांवर केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, आला. सगळे रोज भारी औषधं मारत होते. मोरिसेतला चालतो फक्त मोरचूद आणि चुना, आणि पाऊस तो धुऊन नेतो. की पुन्हा पाठीवर पंप घ्यायचा, पुन्हा चिखलात. अशाच एका फेरीत ती घसरली आणि पाय मुरगळला.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणी आजारी पडलं, की शेजारी त्याच्या ओळींचं काम गुपचूप करून टाकतात. काम झालेल्या ओळीच्या पहिल्या खांबाला गवताची गाठ मारायची, म्हणजे दुसऱ्या कुणा भल्या माणसाने तीच ओळ पुन्हा करायला नको. कुणी केलं हे विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत.

जेवण झाल्यावर मोरिसेत म्हणाली, "मला जरा वावरापर्यंत सोड. पानांची काय दशा झालीये ते तरी बघू."

मी गाडी काढली. बांधावर उतरलो, तर प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबाला ताजी गाठ. पानं ओली, तुकतुकीत. मोरचुदाचा निळसर डाग एकाही पानावर नाही. नाकाला झोंबणारा वास मात्र होता.

मोरिसेत काठी टेकत पहिल्या खांबापाशी गेली. गाठ तिने बोटाने फिरवून बघितली. उलटी होती. अख्ख्या गावात डावखुरा माणूस एकच.

तेवढ्यात तो वरच्या वाटेने ट्रॅक्टर घेऊन आलाच. ओळीवर टांगा टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर, वर गिस्लां, आम्हाला बघून चोरासारखा थांबलेला.

"भावोजी, काय मारलंत?"

"औषध."

"कुठलं?"

गिस्लां खाली उतरला. टोपी काढली, पुन्हा घातली. "पानात शिरतं ते. वहिनी, केवडा घडांपर्यंत आला होता. भावाच्या वेली आहेत. डोळ्यांदेखत मरताना मला बघवेना."

"गुपचूप करायचं होतं, तर गाठी कशाला मारल्यात?"

गिस्लांने खांबांकडे असं बघितलं, जणू त्या गाठी दुसऱ्याच कुणी मारल्या होत्या. "सवयीने हात गेला," तो म्हणाला. "फवारणी झाली की जातोच."

मग मीच शहाणपणा केला. म्हटलं, "गाठी सोडून टाकू. आपण तिघंच आहोत. कोण बघायला येतंय?"

"मी येते ना रोज," मोरिसेत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शिक्का देणाऱ्या संस्थेत फोन लावला. पलीकडच्या मुलीला वाटलं, बाई शेजाऱ्याची चुगली करतेय. "नाही हो, माझ्याच वेलींवर. हो, माझ्याच. नाही, कुणी धमकी दिलेली नाही." कुणावर तक्रार आहे का, हेही मुलीने विचारलं. "पाऊस," मोरिसेत म्हणाली. "त्याचं नाव लिहून घ्या."

पहिली तीन वर्षं वाया गेली. मोजणी पुन्हा शून्यापासून.

"पुन्हा तीन वर्षं?" गिस्लां कॅफेत माझ्यापाशी कुजबुजला. "नंतर बाटल्या तळघरात निजवायच्या, त्याची वर्षं वेगळी. सत्तरीला आली ती! पिणार कधी?"

मी हे मोरिसेतला सांगितलं. सांगायला नको होतं, पण न सांगायला मी कॅफेत जातो कशाला? ती म्हणाली, "त्यांना सांग, मी नसले तर माझ्या वाटची तुम्ही प्या."

सप्टेंबरात तिची द्राक्षं अख्ख्या टेकडीवर उठून दिसत होती. एकही घड सडलेला नाही. पण औषध लागलेली ती द्राक्षं तिने कंपनीलाच घातली. कंपनीच्या माणसाने क्रेट वर उचलून लोकांना दाखवला. मोरिसेतने घड हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि बाकीच्यांच्या द्राक्षांत परत ठेवला. घरी जाऊन तिने रिकाम्या पिंपांत पाणी भरलं, लाकूड सुकून फटी पडू नयेत म्हणून.

पुढच्या वसंतात गावाने नवाच प्रकार पाहिला. मोरिसेतच्या बांधाला लागून गिस्लांच्या स्वतःच्या ओळी आहेत. त्यांत गवत उगवलं. भरपूर.

"तणनाशकाची तोटी बिघडलीये," त्याने कॅफेत जाहीर केलं.

"दुरुस्त कर की."

"वेळ कुठाय?" असं म्हणून तो दुपारभर पत्ते खेळला.

मे महिन्यात मी वरच्या वाटेने चाललो होतो. गिस्लां आपल्या त्या ओळीत गुडघ्यांवर बसून वेलींच्या बुंध्याशी आलेलं गवत काढत होता, दर थोड्या वेळाने कंबर धरून शिव्या देत. कुणाला, ते कळलं नाही. बांधापलीकडे मोरिसेत तेच करत होती, फक्त शिव्यांशिवाय.

"भावोजी, मुळं राहतायत."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर काढा."

"हे खुरपं बोथट आहे!"

मोरिसेत उठली. बांध ओलांडून आली, आपलं धारदार खुरपं तिने त्याच्या डाव्या हातात दिलं, आणि त्याचं बोथट घेऊन पुढच्या वेलीपाशी बसली.