रींकच्या रुग्णाची जखम

रींकचा मला मत्सर वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? वर्षभरात त्याने हर्नियाची एकसष्ट ऑपरेशनं केली आणि एकही जखम चिघळली नाही. माझ्या अठ्ठावन्नांतल्या पाच चिघळल्या. आत बसवायची जाळी तीच, टाकेही तेच. वसंतात हर्निया विभागाचा प्रमुख नेमणार होते. त्या खुर्चीसाठी मी अकरा वर्षं नेदरलँड्समधल्या या फ्रीसलँडचा बोचरा वारा खात होते, आणि हा आला परवा!

तेव्हा आमच्या इस्पितळात एक चाचणी चालू होती. ऑपरेशनआधी प्रत्येकाला एक इंजेक्शन द्यायचं. निम्म्यांना अँटिबायोटिक, निम्म्यांना नुसतं मीठपाणी. कुणाला काय गेलं, ते आम्हालाही कळत नसे.

"काय गं मिन्के, तुझ्या वाट्याला मीठपाणीच येतं वाटतं?" कॉफी पिताना रींक सगळ्यांदेखत म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण अंगाचा तिळपापड झाला.

आपल्या हातची जखम आपण तपासायची नाही, हा चाचणीचा नियम. त्यामुळे ऑपरेशननंतर तिसाव्या दिवशी रींकचे रुग्ण मी बघायचे. दर वेळी वाटायचं, आता तरी सापडेल. दर वेळी जांघेत स्वच्छ, गुलाबी रेघ. मुकाट्याने फॉर्मवर 'नाही' लिहायचे.

जानेवारीत ओने नावाच्या म्हाताऱ्या गवळ्याची पाळी होती. त्याच्या बायकोचा, च्यित्स्केचा, फोन आला. "नाही हो यायला जमत. जांघेत ठणका लागलाय, गाडीत बसवत नाही त्यांना."

"मीच येते की," मी म्हणाले. शेजारची नर्स बघतच राहिली. आमच्याकडे सर्जन कुणाच्या घरी जात नाही.

बांधाच्या रस्त्यावर बर्फ होतं, तरी गाडी जोरातच हाकली. ओने सोफ्यावर आडवा होता. त्याने विजार खाली सरकवली. जखमेभोवती लाली होती, वर फुगवटा. मी हातमोजा चढवून अलगद दाबलं. पिवळा पू आला, चांगला चमचाभर.

रींकची पहिली जखम! मला आनंद झाला. अगदी आतून, उकळी फुटावी तसा. जाळीपर्यंत पू गेला असेल तर ती काढावी लागेल, या वयात दुसरं ऑपरेशन, हे सगळं मला ठाऊक होतं. ते मागाहून आठवलं.

ओने माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. चादरीची कड त्याने मुठीत धरली होती, ती हळूच सोडली.

"अगं च्यित्स्के," त्याने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "उगाच घाबरलो बघ आपण! डॉक्टरीणबाई हसताहेत."