पिंकीच्या एकशे चाळीस चढाया

जान्हवी मूळची अकोल्याची. पुण्याजवळच्या माण गावात जयसिंगकाकांच्या वरच्या मजल्यावर ती भाड्याने राहायची आणि जवळच्याच कंपनीत वेबसाइट बनवायची. काकांची धाकटी लेक पिंकी गावच्या कबड्डी संघात चढाई करायची. लागोपाठ दोन सामन्यांत तिची सारखी पकड झाली, तेव्हा जान्हवीने पिंकीच्या घरच्यांच्या फोनमधले सामन्यांचे व्हिडिओ मागून घेतले, एकशे चाळीस चढाया एकेक करून नोंदवल्या आणि त्यांचं वेबॲप केलं. तक्ते, ठिपके, सामना निवडायची यादी, सगळं होतं. पिंकीने दोन मिनिटं पाहिलं, छान आहे म्हणाली आणि सरावाला गेली.

जान्हवीला ते जरा लागलंच. रविवारी सकाळी तिने तक्ते, याद्या काढून टाकल्या आणि स्क्रीनवर नुसतं मैदान ठेवलं. बोट वर सरकवलं की एका चढाईत पिंकी कुठून गेली, कुठून वळली त्याची रेघ उमटायची, अजून सरकवलं की पुढची. बोट थांबलं की रेघही जागीच थांबायची. निसटलेली चढाई हिरवी, पकडलेली लाल.

पिंकी फोन घेऊन ओट्यावर बसली ती उठेचना. मध्येच तिने बोट मागे नेलं, रेघा पुसत गेल्या. पुन्हा पुढे नेलं. लाल रेघा एकाच कोपऱ्यात दाटल्या होत्या.

“ताई, परतताना मी दर टायमाला डावीकडनंच वळतीया,” ती हळूच म्हणाली. “त्यांना आदीच ठाव असतंय.”

एवढे व्हिडिओ पाहूनही जान्हवीला हे दिसलं नव्हतं. पिंकी फोन घेऊन तशीच प्रशिक्षक एकनाथ सरांकडे पळाली. सरांनी आठवडाभर तिला उजवीकडून वळायला लावलं.

पुढचा सामना जवळच्याच सूस गावात होता. पहिल्याच चढाईत सवयीने ती डावीकडे वळली आणि सापडली. शेवटच्या चढाईला संघ एका गुणाने मागे होता. पिंकीने दोघींना स्पर्श केला, खांदा डावीकडे झुकवला, बाकीच्या तिकडे झेपावल्या आणि ती उजवीकडून मध्यरेषेवर पोचली. दोन गुण मिळाले. सामना जिंकला. ओरडून ओरडून जान्हवीचा घसा बसला.

सोमवारी संध्याकाळी ती कामावरून आली, तर दारात संघातल्या पाचजणी आपापले व्हिडिओ घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे कर्णधार दिशा.

“माझ्या चढाया आदी घे,” ती म्हणाली. “मी बी कुटंतरी चुकत असंनच.”